ट्रान्सफर पोर्टल (अमेरिकन कॉलेज फुटबॉल)

नाव भारी वाटतं पण ट्रान्सफर पोर्टल म्हणजे एनसीएएचा (अमेरिकेतले कॉलेजांचे खेळ चालवणारी संस्था) एक साधा ऑनलाइन डेटाबेस आहे, ज्याला कॉलेज बदलायचंय त्या खेळाडूचं नाव त्यात चढतं आणि मग दुसऱ्या कॉलेजचे कोच त्याच्याशी उघडपणे बोलू शकतात. (फुटबॉल म्हणजे इथे हेल्मेटवाला, आपला पायाने खेळायचा नव्हे.) 15 ऑक्टोबर 2018 ला हे सुरू झालं. त्याआधी खेळाडूला आपल्याच कॉलेजकडे परवानगी मागायला लागायची, कोचला वाटलं तर तो अमुक टीमकडे जाऊ नको म्हणून अडवायचा, आणि एवढं करून गेलाच तर बहुतेकांना एक वर्ष मॅच न खेळता बसून काढावं लागायचं. पोर्टलने परवानगीची भानगड संपवली, खेळाडूने फक्त कळवायचं आणि कॉलेजने कामाच्या 2 दिवसांत नाव टाकायचं.

खरा धुरळा मात्र 2021 मध्ये उडाला. एप्रिलमध्ये एनसीएएने एकदा कॉलेज बदललं तर लगेच खेळायची मुभा दिली आणि 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, फोटोवर, जाहिरातींवर पैसे कमवायची परवानगी मिळाली (एनआयएल म्हणतात ते हेच). या दोन गोष्टी वेगवेगळ्या आल्या असत्या तर कदाचित एवढं काही झालं नसतं, पण लागोपाठ आल्या आणि बाजार उघडला. पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि एप्रिल 2024 पासून अभ्यासात पास असाल तर कितीही वेळा बदला, बसायला लागत नाही.

खेळाडू घडण्यावर काय परिणाम झाला, तर तो कोण कुठल्या जागी खेळतो त्यावर आहे. क्वार्टरबॅकची (टीमचा हल्ला चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) चांदी झाली, कारण मैदानावर एका वेळी एकच क्वार्टरबॅक असतो, दुसऱ्या नंबरवाल्याने किती वर्षं बाकावर बसायचं? कॅम वॉर्डला शाळा संपल्यावर मोठ्या कॉलेजांनी विचारलंसुद्धा नव्हतं, तो इन्कार्नेट वर्ड या छोट्या कॉलेजातून वॉशिंग्टन स्टेट आणि तिथून मायामी असा पायरी पायरीने चढला आणि 2025 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगच्या टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) पहिला निवडला गेला. हाइजमन ट्रॉफी (सीझनच्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान) बघा, 2022 ते 2025 चारही विजेते (केलेब विल्यम्स, जेडन डॅनियल्स, ट्रॅव्हिस हंटर, फर्नांडो मेंडोझा) कॉलेज बदललेले.

लाइनवाल्या पोरांचं (पुढच्या रांगेत समोरच्याला धडक देणारे धिप्पाड खेळाडू) गणित उलटं आहे. अंगात ताकद यायला आणि फूटवर्क बसायला दोन-तीन वर्षं जातात, त्यासाठीच रेडशर्टची पद्धत होती, म्हणजे पहिलं वर्ष जवळजवळ न खेळता नुसतं शिकायचं. आता कोचला तयार माल पोर्टलमध्ये मिळतो, मग 18 वर्षांच्या पोराला घडवत बसायला वेळ कोणाला आहे, आणि पोरालाही थांबायचा धीर नाही. शिवाय पोर्टलमध्ये नाव टाकलं की जुनं कॉलेज स्कॉलरशिप काढून घेऊ शकतं, त्यामुळे नवी टीम न मिळालेली कितीतरी पोरं मधल्या मध्ये लटकतात. त्यांच्याबद्दल टीव्हीवर कोणी बोलत नाही.

निष्ठेचा विषय निघाला की जुने फॅन एकदम हळवे होतात. पण कोच कधी निष्ठावान होते? करार मध्येच सोडून जास्त पगारावर जाणं त्यांच्याकडे पूर्वापार चालत आलंय, त्याला कोणी गद्दारी म्हटलं नाही. निष्ठा गेली नाही, तिने पत्ता बदलला, कॉलेजकडून ती कोचकडे गेली. हंटर डियॉन सँडर्सच्या मागे जॅक्सन स्टेटहून कोलोरॅडोला आला, विल्यम्स लिंकन रायलीच्या मागे ओक्लाहोमाहून यूएससीला, आणि कर्ट सिग्नेटी इंडियानाला गेले तेव्हा जेम्स मॅडिसनची 13 पोरं सोबत आली आणि 2023 ला 3-9 (3 विजय, 9 पराभव) असलेली टीम पुढच्याच वर्षी 11-2 झाली. अलाबामाचे कोच निक सेबन जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झाले तसे तिथले बरेच खेळाडू बाहेर पडले.

उलट उदाहरणंही आहेत. आर्च मॅनिंग एवढं मोठं आडनाव असून (घराणंच नामांकित क्वार्टरबॅकांचं) टेक्सासमध्ये दोन सीझन क्विन युअर्सच्या मागे थांबला (युअर्स स्वतः ओहायो स्टेट सोडून आलेला, ही गंमतच). क्लेमसनचे कोच डॅबो स्विनी तर कित्येक वर्षं पोर्टलकडे जवळजवळ बघतच नव्हते, शाळेतून आलेली पोरंच घडवायची हा हट्ट, पण शेवटी त्यांनाही थोडं वाकावं लागलं.

एनसीएएने लगाम घातलाय तो तारखांचा. 2022 मध्ये नाव टाकायला वर्षात 60 दिवस ठरवले, मग 45, मग 30, आणि 2026 पासून फक्त जानेवारीतले 15 (कोच बदलला तर वेगळी मुदत मिळते). वसंतातली खिडकी (एप्रिलमधली नाव टाकायची मुदत) बंदच केली. एप्रिल 2025 मध्ये टेनेसीचा क्वार्टरबॅक निको इयामालेआवा पैशाच्या बोलणीच्या बातम्या चालू असताना प्रॅक्टिसलाच आला नाही, कोच जॉश हायपल यांनी त्याच्याशिवाय पुढे जायचं ठरवलं आणि तो यूसीएलएला गेला, तो याच खिडकीतून.