मशीनवरचा कॅलरीचा आकडा : तो येतो कुठून आणि किती धरायचा
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून ट्रेडमिल किंवा सायकल भाड्याने नेली, की थोड्याच दिवसांत एक फोन हमखास येतो. "आमच्या सोसायटीच्या जिममध्ये अर्ध्या तासाला एकशेसाठ दाखवतं, तुमच्या मशीनवर एकशेवीसच. मशीन बिघडलंय का?" किंवा मग, "रोज दीडशे-दीडशे कॅलरी जळतायत, महिना झाला, वजन जागचं हललेलं नाही." आम्ही माणूस पाठवतो, तो तपासतो, आणि बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं. म्हणून हे पत्रक आता प्रत्येक मशीनबरोबर देतो. शक्यतो मशीनजवळ उभं राहून वाचा, कारण यातल्या काही गोष्टी तुम्हाला तिथल्या तिथे करून बघता येतील.

मशीन मोजत नाही, हिशेब मांडतं

शरीराने किती ऊर्जा खर्च केली हे नेमकं कळायचं, तर तोंडाला मास्क लावून श्वासातला ऑक्सिजन मोजावा लागतो. एक लिटर ऑक्सिजन वापरला गेला की साधारण ५ कॅलरी खर्च होतात. (या पत्रकात कॅलरी म्हणजे किलोकॅलरी, बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली असते तीच.) ट्रेडमिलला तुमच्या श्वासाचं काहीच कळत नाही. त्याला कळतो पट्ट्याचा वेग, चढ आणि वेळ. तुम्ही सांगितलंत तर तुमचं वजनही. बाकीचं काम सूत्राचं.

चालण्याचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सूत्र अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं आहे, आणि ते घरी वहीवर करण्याइतकं सोपं आहे. ताशी ६ किलोमीटर म्हणजे मिनिटाला १०० मीटर. त्याचा दहावा भाग १०. त्यात ३.५ मिळवा, झाले १३.५. दर किलो वजनामागे मिनिटाला इतके मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. तुमचं वजन ६० किलो असेल आणि अर्धा तास चाललात, तर २४.३ लिटर ऑक्सिजन, म्हणजे साधारण १२१ कॅलरी.

यातले ३.५ कशाचे, हे समजून घेणं महत्त्वाचं आहे. नुसतं खुर्चीत बसून राहिलं तरी शरीर तेवढा ऑक्सिजन वापरतंच. त्यालाच १ मेट म्हणतात. ज्यांची हॉस्पिटलमध्ये टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची तपासणी) झाली आहे त्यांच्या रिपोर्टवर मेट्सचा आकडा असतो, तो हाच. त्या तपासणीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ब्रूस पद्धतीची पहिली तीन मिनिटं ताशी २.७ किलोमीटर वेग आणि १० टक्के चढ अशी असतात. तेवढंच साडेचार मेट्सच्या थोडं वर जातं.

तर १२१ मधल्या जवळजवळ ३१ कॅलरी तुम्ही घरी पेपर वाचत बसला असतात तरी गेल्याच असत्या. चालण्यामुळे जादा गेल्या त्या ९०. स्क्रीन मात्र सहसा एकत्रच आकडा दाखवते. वजन कमी करण्याचा हिशेब करणाऱ्याने ९० धरायला हवेत.

वजन टाकलंय का, ते आधी बघा

बरीच मशीन्स सुरू करताना वजन विचारतात, आणि बरेच जण घाईत सरळ 'स्टार्ट' दाबतात. मग मशीन स्वतःच्या मनाने एक वजन धरतं. ते ८० किलो असेल तर वरच्याच अर्ध्या तासाला १६२ कॅलरी दिसतील. सोसायटीच्या जिममधले 'एकशेसाठ' बहुधा असेच आलेले असतात. साठ किलोच्या बाईंच्या खऱ्या जादा कॅलरी ९०, आणि स्क्रीनवर १६२. मशीनमध्ये काहीही बिघाड नसताना जवळपास दुपटीचा फरक पडतो तो असा.

रोइंग मशीनचंही तसंच आहे. कन्सेप्ट टू या नावाजलेल्या मशीनवरचा कॅलरीचा आकडा १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलोच्या माणसासाठी बसवलेला असतो. कंपनी हे उघडपणे सांगते आणि आपल्या वजनाप्रमाणे दुरुस्ती कशी करायची तेही देते. सगळ्याच कंपन्यांनी असं करायला हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट. बाहेरून आलेल्या काही मशीन्सवर वेग मैलांत असतो. स्क्रीनवर ३.७ दिसत असताना तुम्ही ताशी ६ किलोमीटरने चालत असाल, तर सेटिंग मैलांचं आहे. आम्ही देताना किलोमीटरवर करून देतो, पण घरातल्या मुलांनी बटणं दाबली की ते बदलू शकतं.

लक्षात ठेवायला सोपा हिशेब

सपाटीवर चालताना : किलोमीटर × वजन ÷ २. सपाटीवर धावताना : किलोमीटर × वजन. ६० किलोच्या माणसाने ३ किलोमीटर चालल्यावर ९०, तेवढंच अंतर धावल्यावर १८०. या जादाच्या कॅलरी आहेत, बसल्या जागच्या नव्हेत.

चालताना चढ दिला की फरक झपाट्याने वाढतो. दर १ टक्का चढामागे सपाटीच्या हिशेबात १८ टक्क्यांची भर पडते. ५ टक्के चढावर तेच ३ किलोमीटर १७१ कॅलरींचे होतात. गुडघे कुरकुरतात म्हणून ज्यांना धावता येत नाही, त्यांना आम्ही वेग वाढवण्यापेक्षा इन्क्लाइन वाढवायला सांगतो. गुडघ्याला दणके न बसता काम जवळपास धावण्याएवढं होतं.

मात्र यात एक अट आहे, ती हँडलची. आपलं सगळं वजन आपले पाय उचलतायत असं धरूनच सूत्र चालतं. १० टक्के चढ लावून, पुढचं हँडल घट्ट धरून, मागे रेलून चालणारे आम्ही रोज बघतो. रेलल्यावर अंग पट्ट्याशी काटकोनात येतं, वजनाचा मोठा वाटा हात पेलतात आणि चढ नावापुरता उरतो. स्क्रीनला यातलं काही दिसत नाही, ती पूर्ण चढाचा हिशेब दाखवत राहते. हात सोडून ४ टक्क्यांवर चालणं, धरून १० टक्क्यांवर चालण्यापेक्षा केव्हाही बरं. पण आजी-आजोबांनी, किंवा ज्यांचा तोल जातो त्यांनी, आकड्यासाठी हँडल सोडू नये. बोटं टेकवून ठेवा, वेग कमी ठेवा, आणि सेफ्टी क्लिप कपड्यांना लावल्याशिवाय पट्ट्यावर पाय ठेवू नका.

पट्टा खरंच तेवढ्या वेगाने फिरतोय का

हे घरी तपासता येतं. मशीन बंद असताना पट्ट्याच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा. पट्ट्याची पूर्ण लांबी आमच्या माणसाने मोटरच्या झाकणावर लिहिलेली असते. समजा ती ३ मीटर आहे. मशीन ताशी ६ किलोमीटरवर लावा. मिनिटाला १०० मीटर, म्हणजे तुकडा एका मिनिटात ३३ वेळा समोरून जायला हवा. मोजताना नजर चुकते, तेव्हा बाजूला उभं राहून मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढा आणि मग सावकाश मोजा. आधी रिकामं मशीन, मग घरातलं कुणीतरी चालत असताना. फिरत्या पट्ट्याला हात मात्र लावायचा नाही.

दोन्ही वेळा ३३ च्या आसपास आले तर वेग बरोबर आहे. रिकाम्यावर ३३ आणि माणूस चढल्यावर २९-३० येत असतील, तर पट्टा एक तर सैल आहे किंवा खालून कोरडा पडला आहे. पुढचा रोलर फिरतो, पट्टा त्यावरून सरकतो, आणि बऱ्याच मशीन्समध्ये वेग मोजणारा सेन्सर मोटरच्या किंवा रोलरच्या बाजूला असल्यामुळे त्याला हे सरकणं कळत नाही. अशा वेळी अंतर आणि कॅलरी दोन्ही फुगून दिसतात. त्याहून मोठी चिंता अशी, की सैल पट्टा पाय टेकताना अडखळतो आणि माणूस पडू शकतो. सिलिकॉन ऑइल सोडणं आणि पट्टा ताणणं हे आमचं काम आहे आणि ते भाड्यातच धरलेलं आहे. स्वयंपाकघरातलं किंवा शिलाई मशीनचं तेल कृपा करून घालू नका.

दुसरी तपासणी जमिनीची. मुंबईच्या फ्लॅटमध्ये ट्रेडमिलला जागा मिळते ती बहुधा बंद केलेल्या बाल्कनीत, आणि बाल्कनीच्या लादीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. दीड मीटर लांबीत दीड सेंटिमीटरचा फरक म्हणजे झाला १ टक्का. मशीनचं तोंड उताराकडे असेल तर स्क्रीनवर शून्य असताना तुम्ही उतारावर चालताय. उलटं असेल तर फुकटचा चढ. मोबाइलमधलं लेव्हल ॲप डेकवर, म्हणजे थांबलेल्या पट्ट्याखालच्या फळीवर, ठेवून बघा. मशीनखालचे पाय फिरवून आम्ही ते समतल करून देऊ शकतो.

सायकल, क्रॉस ट्रेनर

सायकलवर वॉट दिसत असतील तर हिशेब सोपा आहे. वॉट × मिनिटं × ०.०६ म्हणजे तुम्ही पेडलवर केलेलं काम, किलोज्यूलमध्ये. पेडल मारताना शरीराच्या एकूण ऊर्जेतली २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होऊन जाते. त्यामुळे किलोज्यूलचा आकडा आणि खर्च झालेल्या कॅलरींचा आकडा योगायोगाने जवळपास सारखाच येतो. ७५ वॉटवर अर्धा तास म्हणजे १३५ किलोज्यूल, कॅलरी १३५ किंवा थोड्या जास्त.

पण घरगुती सायकली बहुतेक साध्या असतात. हाताने फिरवायचा नॉब, आणि वर छोटी स्क्रीन. अशा बऱ्याच सायकलींत स्क्रीनला फक्त पेडलचे फेरे कळतात. नॉब सैल आहे की घट्ट, हे तिला कळतच नाही. पारखून घ्या. पाच मिनिटं नॉब अगदी सैल सोडून चालवा, मग तेवढ्याच वेगाने पाच मिनिटं घट्ट करून. मांड्या भरून आल्या तरी कॅलरी तेवढ्याच दिसल्या, तर त्या स्क्रीनवरची कॅलरी सरळ सोडून द्या आणि वेळेकडे लक्ष द्या. असं मशीन देताना आम्ही हे तोंडीही सांगतो.

क्रॉस ट्रेनरबद्दल थोडक्यात : प्रत्येक कंपनीचा पावलाचा मार्ग वेगळा, 'लेव्हल ८' चा अर्थ वेगळा. दोन मशीन्सच्या आकड्यांची तुलना करूच नका.

हातातलं घड्याळ, घाम आणि मुंबईची हवा

"मग घड्याळाचं धरू का?" हा पुढचा प्रश्न. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६० जणांवर सात मनगटी उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके सातपैकी सहांनी चांगले मोजले, ५ टक्क्यांच्या आत. कॅलरीत मात्र सगळ्यात अचूक उपकरण सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. तेव्हा ठोक्यांसाठी घड्याळ जरूर वापरा, कॅलरीसाठी नको.

आपल्या हवेत आणखी एक अडचण आहे. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात, पंखा नसलेल्या बाल्कनीत, त्याच वेगाला ठोके जास्त पडतात, कारण अंग थंड ठेवण्यासाठी हृदय त्वचेकडे जादा रक्त पाठवत असतं. ठोक्यांवरून हिशेब करणाऱ्या घड्याळाला वाटतं काम वाढलं. काम तेवढंच असतं. घामाने उतरलेलं वजनही दोन ग्लास पाण्याबरोबर परत येतं. प्लॅस्टिकचं जॅकेट घालून चालणं आपल्या दमट हवेत धोक्याचं आहे, तसं करू नका. मशीनजवळ पंखा ठेवा. आणि ज्यांना रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी ठोके कमी करणारी गोळी आहे, त्यांचे ठोके मुळातच कमी दिसणार. आकडा वाढवायला वेग वाढवू नका, किती ठोक्यांपर्यंत जायचं ते डॉक्टरांना विचारा.

वजन का हललं नाही

रोज अर्धा तास, जादा ९० कॅलरी, महिन्याच्या २,७००. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे महिन्याला ३५० ग्रॅम. अंगातल्या पाण्याने वजन एका दिवसात याहून जास्त वरखाली होतं, त्यामुळे काट्यावर ते लगेच दिसत नाही. स्क्रीनवरच्या १६२ वर विश्वास ठेवून संध्याकाळी एक वडापाव खाल्ला, तर तो २५० ते ३०० च्या घरात. ६० किलोच्या माणसाला तेवढ्यासाठी नऊ किलोमीटरच्या वर चालावं लागेल, म्हणजे शिवाजी पार्कला सुमारे आठ फेऱ्या. वडापाव खाऊ नका असं आम्ही म्हणत नाही, पण तो मशीनवर कमावला असं समजून खाऊ नका.

आमचा आग्रह मिनिटं मोजण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते : बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम. हृदयाला, साखरेला, झोपेला त्याचा फायदा होतो, वजनकाटा हलो वा न हलो. कॅलरीचा आकडा बघायचाच असेल तर त्याच मशीनवर, तेच वजन टाकून, मागच्या महिन्याशी ताडून बघा. त्या कामाला तो उपयोगी आहे.

तक्रारीसाठी फोन करताना (नंबर पावतीवर आहे) इतकं हाताशी ठेवा : वजन किती टाकलं होतं, वेग आणि इन्क्लाइन किती होतं, मिनिटाला पट्ट्याचे फेरे किती आले, आणि मशीन खोलीत आहे की बाल्कनीत. फेऱ्यांचा व्हिडिओ पाठवलात तर आमचा माणूस येताना तेल आणायचं की नवा पट्टा, हे आधीच ठरवून निघतो.