बादलीचा तळ

एलिमेंटरी या शालेय चित्रकला परीक्षेला बसलेल्यांना वस्तुचित्राचा पेपर आठवत असेल. स्टुलावर बादली, शेजारी एखादं फळ आणि भोवती अर्धगोलात बसलेली मुलं. वेळ संपल्यावर कागद गोळा केले की बहुतेकांवर एकच चूक सापडते. बादलीचं तोंड दिसतं त्यापेक्षा जास्त गोल आणि तळाला पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ. माझ्या बादलीलाही ती होती. सरांनी त्यावर लाल पेन्सिलीने एक बाक काढला आणि काही न बोलता पुढच्या मुलाकडे गेले.

समोर दिसत होतं ते नेमकं उलट. तोंडाची कड डोळ्यांच्या पातळीच्या जवळ, म्हणून तिथलं लंबवर्तुळ चपटं. तळ त्याहून खाली, म्हणजे आपण तिकडे जास्त वरून पाहणार, म्हणून तळाचा बाक तोंडापेक्षा अधिक गोल. पण बादलीचं तोंड गोल असतं आणि ती सपाट टेकते हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं तेच कागदावर उतरलं.

रॉबर्ट थाउलेस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३१मध्ये हीच गोष्ट मोजून दाखवली. तिरकी ठेवलेली गोल चकती लोकांना दाखवायची आणि तिचा आकार कसा दिसतो ते विचारायचं. डोळ्याच्या पडद्यावर पडत होतं चपटं लंबवर्तुळ. लोकांनी सांगितलेला आकार मात्र ते लंबवर्तुळ आणि खरं वर्तुळ यांच्या मधला कुठलातरी. चकती गोल आहे हे मेंदू विसरायला तयार नव्हता.

यात मेंदूचा दोष नाही, ती त्याची रोजची नोकरी आहे. मित्र दोन मीटरवरून चार मीटरवर गेला की डोळ्यातली त्याची प्रतिमा निम्मी होते, तरी तो आपल्याला बुटका झालेला वाटत नाही. बरंच आहे ते, नाहीतर रस्ता ओलांडणं मुश्किल झालं असतं. चित्र काढायला बसलं की मात्र हीच सोय आडवी येते.

विश्वास बसत नसेल तर अंघोळीनंतर आरशावर वाफ धरलेली असताना एक डोळा मिटा आणि आपल्या चेहऱ्याची कड बोटाने गिरवा. आरशात चेहरा पूर्ण मापाचा दिसतो, असं आपण आयुष्यभर धरून चाललेलो असतो. गिरवलेला आकार मोजा. तो चेहऱ्याच्या बरोब्बर निम्मा भरतो, कितीही जवळ किंवा लांब उभे राहा. आरसा नेहमी तुमच्या आणि तुमच्या प्रतिमेच्या बरोबर मधोमध असतो, इतकं साधं गणित आहे. तरी मी पहिल्यांदा केलं तेव्हा पट्टी दोनदा लावली होती.

‘माझा हातच वळत नाही’ ही तक्रार म्हणूनच मला फारशी पटत नाही. ज्याचा हात सही करतो, रांगोळीचे ठिपके जोडतो, त्याचा हात ठीक आहे. अमेरिकेत डेल कोहेन आणि सुझन बेनेट यांनी १९९७मध्ये हाच प्रश्न तपासला. चुकतो कोण, हात की डोळा? हाताच्या कौशल्याचा वाटा त्यांना किरकोळ आढळला. मुख्य दोष समोरची वस्तू चुकीची वाचण्यात होता.

मग चित्रकारांचा डोळा वेगळा असतो का? पॅरिसमध्ये फ्लोरियन पेर्द्रो आणि पॅट्रिक कॅव्हॅना यांनी २०११मध्ये कसलेल्या चित्रकारांची चाचणी घेतली. आकारमान आणि उजेड-सावलीच्या बाबतीत तेही इतरांइतकेच फसले. मला हा निकाल फार आवडतो. कारण मग चित्रकाराकडे निराळं उरतं ते इतकंच, की डोळा फसवणार हे त्याला माहीत असतं आणि तो फसण्याआधी पडताळून पाहतो.

कला महाविद्यालयात फाउंडेशनच्या, म्हणजे पायाभूत वर्गातल्या कंटाळवाण्या सवयी म्हणजे ही पडताळणीच. पेन्सिलने माप घेताना हात ताठ का ठेवायचा? ६० सेंटिमीटरवर पेन्सिलीवर ६ सेंटिमीटर भरणारी बादली, कोपर वाकून हात ५० सेंटिमीटरवर आला की ५च सेंटिमीटर भरते. एवढ्यात चित्राचं प्रमाण बिघडलं. एक डोळा मिटायचा, कारण दोन डोळ्यांना पेन्सिल दोन वेगळ्या जागी दिसते. बादलीची कडी जमत नसेल तर कडी आणि काठ यांच्या मधल्या मोकळ्या जागेचा आकार काढायचा. त्या रिकाम्या तुकड्याला नाव नाही, त्यामुळे तो कसा ‘असतो’ याबद्दल मेंदूकडे काही मत नसतं. चित्र उलटं धरून नक्कल करण्याचा उपायही त्याच जातीचा. त्याने म्हणे ‘उजवा मेंदू’ जागा होतो. ते सोडून द्या, नाक ओळखू आलं नाही की ते नाकासारखं काढलं जात नाही.

आणखी एक. हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख जेवढं दिसतं, साधारण तेवढाच भाग आपल्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतो. बाकीचं मेंदू भरून काढतो. म्हणून एकदा नीट पाहून मग पाच मिनिटं कागदात मान घालणं घातक. कोहेननेच २००५मध्ये दाखवलं, की जे वस्तूकडे पुन्हा पुन्हा नजर टाकतात त्यांचं चित्र जास्त बिनचूक येतं.

अप्लाइड आर्टची मुलं विचारतात, सॉफ्टवेअर सगळं मोजून देतं, मग बादल्या कशाला? कारण ग्राफिक डिझाइनमध्ये गंमत उलटी होते. तिथे माप बरोबर असतं आणि दिसणं चुकतं. रोमन लिपीतला ‘ओ’ आणि ‘एच’ तंतोतंत एका उंचीचे केले तर ‘ओ’ खुजा दिसतो. म्हणून अक्षरकार त्याची गोलाई वर-खाली किंचित बाहेर काढतात. देवनागरीत ‘ठ’सारख्या गोल पोटाच्या अक्षरांचीही अशीच काळजी घ्यावी लागते. एकाच जाडीची आडवी रेघ उभीपेक्षा जाड दिसते, म्हणून ती थोडी बारीक करतात.

व्हिडिओचं प्लेचं बटण घ्या. वर्तुळात उजवीकडे टोक केलेला त्रिकोण. सॉफ्टवेअरला ‘मध्यात ठेव’ सांगितलं की ते त्रिकोणाभोवतीची चौकट मध्यात ठेवतं आणि त्रिकोण डावीकडे सरकलेला दिसतो. त्याचा भार पायाकडे, म्हणजे डावीकडच्या उभ्या बाजूकडे असतो. गुरुत्वमध्य पायापासून एक तृतीयांशावर. त्रिकोण ६० पिक्सेल रुंद असेल तर तो मध्य २० पिक्सेलवर येतो, चौकटीचा मध्य ३० वर. ज्याने बादलीच्या तळाचा बाक एकदा नीट पाहिलाय तो माउस सोडून बाण-कळ दहा वेळा दाबतो आणि त्रिकोण जागेवर बसतो.