बकाय (अॅरिझोना)

बकाय : अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यातील मॅरिकोपा परगण्यातले शहर. फीनिक्सच्या पश्चिमेला सुमारे ५० किमी.वर, सोनोरन वाळवंटात. लोकसंख्या ६,५३७ (२०००), ५०,८७६ (२०१०), ९१,५०२ (२०२०). वीस वर्षांत चौदा पट झालेले हे गाव अमेरिकेतील सर्वांत झपाट्याने वाढणाऱ्या शहरांत गणले जाते.

गावाचे मूळ कालव्यात आहे. १८८०च्या दशकात ओहायो राज्यातून आलेल्या मॅली जॅक्सन याने हीला नदीचे पाणी कालव्याने या खोऱ्यात आणले आणि आपल्या राज्याच्या टोपणनावावरून त्याला ‘बकाय’ म्हटले. १८८८ मध्ये वसलेल्या गावाचे नाव आधी सिडनी होते; ते १९१० मध्ये कालव्याच्या नावात विरले. कापूस आणि लसूणघास ही इथली पिके. दक्षिण भागात ती आजही दिसतात. गंमत अशी, की वाळवंटातल्या या पट्ट्यात पाणी फार वर आले आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सिंचनाने जमीन पाणथळ झाली, पाणी खारावले आणि ते पंपाने उपसून बाहेर काढावे लागते.

नवी वस्ती या शेतांपेक्षा उत्तरेला, आंतरराज्य महामार्ग १० च्या आजूबाजूला आणि व्हाइट टँक डोंगरांच्या पायथ्याशी पसरली. व्हेराडो ही त्यातली सर्वांत परिचित वसाहत. बुलडोझर बनवणाऱ्या कॅटरपिलर कंपनीच्या जुन्या चाचणी मैदानावर ती २००४ पासून उभी राहिली. घरांना पुढे ओसरी, गॅरेज मागच्या बोळात, मधोमध दुकानांचा रस्ता, असा जुन्या गावाचा देखावा तिथे मुद्दाम रचला आहे. इतरत्र अंगणात हिरवळीऐवजी खडी आणि पालोव्हर्देची झाडे असतात. कोणते झाड लावायचे, भिंतीला कोणता रंग द्यायचा, हे रहिवासी संघाच्या नियमांनी ठरते. नोकरीसाठी बहुतेकांना गाडीने पूर्वेकडे, फीनिक्सच्या दिशेने जावे लागते. २०२३ च्या उन्हाळ्यात फीनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेला होता. अशा हवेत वातानुकूलन ही चैन राहत नाही. पावसाळी वारे जुलै-ऑगस्टमध्ये येतात, आणि पावसाआधी धुळीची भिंत येते.

लोक इथे येतात ते मुख्यतः घरांच्या किमतीमुळे. ती घरे उभी राहू शकतात का, हे मात्र पाणी ठरवते. १९८० च्या भूजल कायद्यानुसार फीनिक्स परिसरात नवी वसाहत पाडायची तर १०० वर्षे पुरेल इतके पाणी असल्याचे प्रमाणपत्र लागते. ज्याच्याकडे कालव्याचे पाणी नाही, अशा विकासकासाठी १९९३ मध्ये एक सोय झाली : वसाहतीने भूजल उपसावे, पुनर्भरण संस्थेने तेवढे पाणी जमिनीत परत मुरवावे आणि खर्च घरमालकांनी भरावा. कागदावर हिशेब जुळतो. पण पाणी उपसले जाते तिथेच मुरवले जाईल असे बंधन नाही. बकायची वाढ मोठ्या प्रमाणावर याच फटीतून झाली.

जानेवारी २०२३ मध्ये गव्हर्नर केटी हॉब्ज यांनी बकाय परिसरातल्या हसायम्पा नदीच्या उपखोऱ्याचा भूजल अहवाल खुला केला. १०० वर्षांत तिथे ४४ लाख एकर-फूट पाणी कमी पडेल, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्या मापात हे सुमारे १९२ टीएमसी, म्हणजे कोयना धरणाच्या साठ्याच्या पावणेदोन पटींहून जास्त. हसायम्पाचे पाणी प्यायलेला माणूस पुन्हा कधी खरे बोलत नाही, अशी अॅरिझोनात दंतकथा आहे. बिल्डरांच्या जाहिराती वाचताना ती आठवतेच. जूनमध्ये राज्याने संपूर्ण फीनिक्स परिसरात केवळ भूजलाच्या आधारे नवी प्रमाणपत्रे देणे थांबवले. सुमारे ३७,००० एकरांवर १ लाख घरे आणि ३ लाख रहिवासी कल्पिणाऱ्या टेराव्हॅलिस प्रकल्पाचे बांधकाम तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. आधी प्रमाणपत्र मिळालेली घरे सुटली, पुढची अडकली.

शहराने पाणी विकत घ्यायला सुरुवात केली. पश्चिमेकडच्या हार्क्वाहाला खोऱ्यातून वर्षाला ५,९२६ एकर-फूट, म्हणजे जेमतेम पाव टीएमसी, उपसण्याच्या हक्कासाठी ८ कोटी डॉलर मोजण्याचे २०२३ मध्ये ठरले. फीनिक्सचे शुद्ध केलेले सांडपाणीही याच दिशेने वाहते. पण त्याला आधीपासून धनी आहेत : बकायची शेती आणि पश्चिमेचे पालो व्हर्दे अणुवीज केंद्र, जे नदी-समुद्राविना याच पाण्यावर थंड ठेवले जाते.

जून २०२५ मध्ये राज्याने नवी वाट काढली. शेतकऱ्याने बागायत कायमची सोडली, तर त्या पाण्याच्या हिशेबावर घरे बांधता येतात. घरांना शेतीपेक्षा एकरी कमी पाणी लागते, हा त्यामागचा तर्क. म्हणजे अनेक पिढ्या कापूस पिकवणारी जमीन आता पाण्याच्या हक्कासाठी मागितली जाईल. ज्या माळरानावर कधी पीकच नव्हते, तिथल्या प्रकल्पांना पाणी बाहेरूनच आणावे लागणार.