पार्श्वभूमी : पानिपतावरची ती गोळी आणि जर-तरच्या कथा

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला, आडगावात, अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर होते. प्रकृतीमुळे त्यांना येता आले नाही. विश्वासरावांना लागलेली गोळी कानाला चाटून गेली असती तर, ही मराठीतली गाजलेली कथा त्यांचीच. तिच्यात मराठे जिंकतात, कंपनी सरकारला पाय पसरता येत नाहीत, मुंबई तेवढी इंग्रजांकडे उरते. नाशिककरांना ही गोळी परकी नाही. विश्वासरावांच्या आई गोपिकाबाईंनी उतारवय इथेच, गंगापूरकडे काढले.

असे लेखन जुनेच. अलेक्झांडर रोमवर चालून आला असता तर, याचा हिशेब एका रोमन इतिहासकाराने मांडला होता. १८३६ मध्ये एका फ्रेंच लेखकाने नेपोलियनला सगळे जग जिंकून दिले. १९६२ च्या एका अमेरिकी कादंबरीत दुसरे महायुद्ध जर्मनी आणि जपान जिंकतात.

खरा वाद आहे तो इतिहासाला वळण कुठे द्यायचे याचा. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला. कथेला असा क्षण लागतो, हे मान्य. पण रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरातच मारले गेले होते, रसद तुटली होती आणि माणसे-जनावरे उपाशी होती. त्यात इंग्रजांनी बंगालमध्ये जिंकलेली प्लासीची लढाई १७५७ ची, म्हणजे पानिपताच्या साडेतीन वर्षे आधीची. बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, १७६५ मध्ये कंपनीला मिळाली, तीही बक्सारच्या लढाईमुळे. इंग्रजांना रोखायचे तर वळण पानिपतावर नव्हे, बंगालमध्ये द्यायला हवे, असे मला ठामपणे वाटते.

आणि बंगाल म्हटले की आपल्याला अडचणीचे होते. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी तिथे वर्षानुवर्षे स्वाऱ्या केल्या. १७५१ च्या तहात बारा लाखांची चौथाई ठरली, ओडिशाही हाती आला. बंगाली अंगाईत बाळाला ज्यांची भीती घालतात ते बर्गी आपलेच. मराठे जिंकले असते तर कटकच्या रयतेचे काय झाले असते, हे आपल्या जर-तरमध्ये सहसा येत नाही. हे राहून जाणे मला फार खटकते.

बाहेर हा प्रश्न अलीकडे उघडपणे विचारला जातो. २००२ च्या एका कादंबरीत प्लेगने जवळपास सगळा युरोप संपतो. २०१९ च्या एका फ्रेंच कादंबरीत इंका लोक युरोप जिंकतात. २०१६ च्या एका कादंबरीत बेल्जियमच्या राजाकडून काँगोतली जमीन विकत घेऊन पीडितांसाठी नवा देश वसवला जातो. पुढे मूळचे रहिवासी विचारतात, जमीन आमची, तर ती विकली कुणी?