माइल्ड हायब्रिड आणि स्ट्राँग हायब्रिड: नाव एक, गाड्या दोन

‘हायब्रिड आहे, ॲव्हरेज मस्त देते’ एवढ्यावर गाडी बुक करणारे नागपुरात कमी नाहीत. हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनच्या जोडीला विजेची मोटर; पण ती जोड कुठे नावापुरती (माइल्ड), कुठे भक्कम (स्ट्राँग). मारुतीची ग्रँड विटारा 2022 मध्ये आली तेव्हा दोन्ही प्रकार एकाच शोरूममध्ये उभे होते. कंपनीने माइल्डला ‘स्मार्ट’ म्हटलं, स्ट्राँगला ‘इंटेलिजंट’! गिऱ्हाइकाने काय समजायचं? कंपनीचा आकडा मात्र स्पष्ट होता: मॅन्युअल माइल्डला लिटरमागे 21.11 किलोमीटर, स्ट्राँगला 27.97.

माइल्डमध्ये इंजिनला पट्ट्याने जोडलेला स्टार्टर-जनरेटर असतो. सिग्नलला इंजिन बंद झालं की तो ते पुन्हा सुरू करतो, उचल घेताना थोडा हात देतो, ब्रेक लावल्यावर थोडी वीज साठवतो. चाकं मात्र नुसत्या विजेवर फिरत नाहीत. स्ट्राँगमध्ये मोटर आणि बॅटरी इतकी मोठी असते की इंजिन बंद ठेवून गाडी काही अंतर चालते.

आता मे महिना, पारा 45 ला टेकलेला, व्हरायटी चौकातला सिग्नल. माइल्डचा एसी कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो, त्यामुळे केबिन तापायला लागली की इंजिन आपोआप पुन्हा घुरघुरतं. कधीकधी तर बंदच होत नाही. म्हणजे पेट्रोल वाचवायची वेळ आली की हुकमी पत्ताच गायब. स्ट्राँगचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. इंजिन शांत, एसी गार. बॅटरी उतरली की मग इंजिन जागं होतं. शोरूममधला माणूस हे क्वचितच सांगतो.

चालवायची मजा म्हणाल, तर माझं मत थोडं वेगळं आहे. गिअर स्वतः टाकायची खाज असेल तर माइल्डच घ्या. इंजिन नेहमीचं, क्लच-गिअर आपल्या हातात. स्ट्राँगमध्ये ई-सीव्हीटी असतो, म्हणजे क्लच नाही, गिअर टाकणं नाही, सगळं आपोआप. ओव्हरटेकला पाय दाबून धरला की इंजिन वरच्या पट्टीत सूर लावतं आणि तिथेच अडकतं, वेग मागून येतो. त्याची मला चीड येते. पण सीताबर्डीच्या गर्दीत मोटरची तात्काळ, बिनआवाजी उचल अनुभवली की गिअरची आठवण येत नाही, हेही खरं.

समृद्धी महामार्गावर चित्र पालटतं. 120 च्या मर्यादेत सलग पळताना ब्रेकच लागत नाही, तर परत मिळवायची वीज येणार कुठून? तिथे स्ट्राँगची आघाडी बरीच घटते. रोज शहरातल्या शहरात, सदर ते मिहान असेल तर जादा पैसे वसूल होतील. महिन्यातून दोनदा छत्रपती संभाजीनगर असेल तर कठीण.

टेस्ट ड्राइव्ह भर दुपारी मागा, एसी फुल ठेवून. आणि डिकी उघडून बघा राजेहो, स्ट्राँगची बॅटरी तिथली बरीच जागा खाते.