देणगीदारांची पाटी काय सांगते?

‘अमुक उद्योगपतींनी १०० कोटी दिले’ अशी बातमी झळकली की व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. रक्कम मोठी असते, यात वादच नाही. पण ज्याची मालमत्ता ५०,००० कोटींची आहे, त्याच्यासाठी ती ०.२ टक्के झाली. म्हणजे दहा लाख गाठीशी असणाऱ्याने दोन हजार देण्याइतकी. हा भागाकार आपण सहसा करत नाही. आपल्या लक्षात राहते ती रक्कम.

इस्रायली जीवशास्त्रज्ञ अमोत्झ झहावी यांनी १९७५ साली मांडलं, की मोराचा पिसारा ताकदीची खूण म्हणून विश्वासार्ह ठरतो, तो महागात पडतो म्हणूनच. दुबळ्या मोराला तो पेलवणार नाही. दानही असाच खर्चिक संकेत, म्हणजे आपली ऐपत दाखवणारी खूण आहे, असं बरेच संशोधक मानतात. पण दाता प्रतिष्ठेसाठी देतो की कामासाठी, हे ओळखायचं कसं? त्याला विचारून उपयोग नाही.

इथे अर्थशास्त्रज्ञांची एक युक्ती मला फार आवडते. समजा, मुंबईतल्या एखाद्या जुन्या धर्मादाय रुग्णालयाच्या जिन्याशी संगमरवरी पाटी आहे: वर ठळक अक्षरांत ‘१,००,००० व अधिक’, खाली बारीक अक्षरांत ‘५०,००० व अधिक’. आता ७५,००० देणाऱ्याचं नाव कुठे येईल? ५०,००० वाल्यांच्याच रांगेत. वरचे २५,००० रुग्णाच्या कामी येतील, पण पाटीवर दिसणार नाहीत. म्हणजे देणारा निव्वळ कामासाठी देत असेल, तर रकमा ५०,००० ते १,००,००० च्या मध्ये विखुरलेल्या हव्यात. नावासाठी देत असेल, तर त्या गटाच्या खालच्या काठावर साचायला हव्यात. अमेरिकेतल्या हार्वर्ड लॉ स्कूलच्या देणगी-निधीची १९९३-९४ ची आकडेवारी अशी तपासली गेली. ५०० ते ९९९ डॉलर या गटातल्या ९३ टक्के देणग्या बरोब्बर ५०० डॉलरच्या निघाल्या! शून्यांत संपणाऱ्या आकड्यांची आवड म्हणावी, तर ६०० आणि ७०० हेही तसेच आकडे आहेत. वितरणाचा आलेख दात्याच्या मनातलं बोलून गेला.

याचा अर्थ दान खोटं, असा मुळीच नाही. मुंबईचे व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती मोठ्या प्रमाणावर चीनबरोबरच्या अफूच्या व्यापारातून आली. १८४२ साली त्यांना ‘सर’ किताब मिळाला, १८४५ साली त्यांच्या देणगीच्या मदतीने जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. तिथे आजही गरिबांवर उपचार होतात. पण दान केलं की पाप फिटतं, ही समजूत मात्र सोडायला हवी, मग दान देवळातल्या मुकुटाचं असो की रुग्णालयाच्या इमारतीचं. अफूची नोंद इमारतीने पुसली जात नाही, आणि अफूमुळे इमारतही वाया जात नाही.

संकेताचा आणखी एक नियम आहे: जो सगळ्यांनाच द्यावा लागतो, तो देणाऱ्याबद्दल काहीच सांगत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर (यालाच ‘सीएसआर’ म्हणतात) खर्च करावेच लागतात. तो पैसा कंपनीचा, म्हणजे भागधारकांचा. फोटो मात्र पुष्कळदा मालकाचा छापला जातो. हे तपासणं अवघड नाही. कंपनीच्या वार्षिक अहवालात सीएसआरचा वेगळा भाग असतो. बातमीतली देणगी तिथे नोंदलेली सापडली, तर ती मालकाच्या खिशातून गेलेली नाही.