मानवी हिमोग्लोबिन ओळखणाऱ्या अँटीबॉडी

मानवी हिमोग्लोबिन ओळखणाऱ्या अँटीबॉडी म्हणजे माणसाचं हिमोग्लोबिन, किंवा खरं तर त्यातली एखादी ठराविक ग्लोबिन साखळी, नमुन्यात आहे का, किती आहे आणि कुठल्या पेशीत आहे हे बघायला लॅबमध्ये वापरतात ती प्रथिनं. पाठ्यपुस्तकात यांना प्रतिपिंडं म्हणतात, पण लॅबमध्ये तो शब्द कुणाच्या तोंडी नसतो, 'गॅमाची संपत आलीये, मागवून ठेव' असंच चालतं. नुसतं 'हिमोग्लोबिनची अँटीबॉडी' म्हणून भागत नाही, का ते पुढे येईलच.

बाकीच्या प्रथिनांच्या बाबतीत रडगाणं असतं की प्रथिन इतकं कमी आहे की दिसतच नाही. इथे सगळं उलटं. तांबड्या पेशीतल्या प्रथिनांपैकी जवळजवळ सगळं हिमोग्लोबिनच असतं, त्यामुळे ते सापडतं का हा प्रश्नच नाही. प्रश्न असा की जे सापडलं ते नेमकं कोण, कारण या घरात भावंडं बरीच आणि सगळ्यांचे चेहरे सारखे.

कुणाला ओळखायचंय

हिमोग्लोबिनचा एक रेणू चार साखळ्यांचा, दोन अल्फासारख्या आणि दोन बीटासारख्या, आणि प्रत्येकीत एक हीम, म्हणजे ऑक्सिजन धरणारा लोहाचा भाग. मोठ्या माणसात मुख्य असतं ते हिमोग्लोबिन ए (दोन अल्फा, दोन बीटा), साधारण ९७ टक्के. मग दोन-तीन टक्के ए-टू, त्यात बीटाच्या जागी डेल्टा. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन एफ, त्यात बीटाच्या जागी गॅमा, हे जन्मानंतर काही महिन्यांत उतरतं आणि पुढे १ टक्क्याच्याही खाली जातं. त्याआधी अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत भ्रूणात झीटा आणि एप्सिलॉन साखळ्या असतात. अल्फाकडची जीन्स १६ नंबरच्या गुणसूत्रावर, बीटाकडची ११ नंबरच्या.

आता अँटीबॉडीच्या दृष्टीने खरी गंमत इथे आहे. बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची, डेल्टाही तेवढीच, आणि दोघींत फरक फक्त १० जागी. शिवाय दोघींची सुरुवातीची आठ अमिनो आम्लं हुबेहूब एक, पहिला फरक नवव्या जागी येतो. म्हणजे कुणी बीटाच्या सुरुवातीचा तुकडा वापरून अँटीबॉडी बनवली आणि 'बीटा ग्लोबिन' म्हणून विकली तर ती डेल्टालाही तितक्याच आनंदाने धरणार, आणि त्यात तिची काही चूक नाही. गॅमा मात्र बीटापेक्षा ३९ जागी वेगळी आहे त्यामुळे गॅमाची स्वच्छ अँटीबॉडी बनवणं त्यामानाने सोपं. अल्फाची दोन जीन्स आहेत पण त्यांची प्रथिनं तंतोतंत एकच, तिथे कुठलीही अँटीबॉडी दोघांत फरक करूच शकत नाही, तो आरएनए बघूनच करायचा. गॅमाचीही दोन जीन्स, त्यांच्या प्रथिनांत फरक फक्त १३६ व्या जागी, एकीत ग्लायसीन आणि दुसरीत अॅलानिन.

जागेच्या आकड्याचा एक घोळ नवीन माणसाला हमखास गंडवतो. सिकलसेल या आनुवंशिक आजारातला (यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात) बदल जुन्या पुस्तकात बीटाच्या सहाव्या जागी असतो (ग्लुटामिक आम्ल जाऊन व्हॅलीन) आणि नव्या जनुकीय पद्धतीच्या लिखाणात तोच सातव्या जागी, कारण नवीन मोजणीत सुरुवातीचं मेथिओनीनही धरतात जे प्रथिन तयार होताना कापलं जातं. बदल एकच, कॅटलॉगमध्ये ६ दिसलं की ७ यावर घाबरायचं कारण नाही.

बनते कशी

जुना मार्ग म्हणजे माणसाच्या रक्तातून हिमोग्लोबिन शुद्ध करायचं, ते सशाला, शेळीला किंवा मेंढीला टोचायचं आणि काही आठवड्यांनी त्याचा सीरम (रक्त गोठल्यावर उरणारं पाणी) घ्यायचा. अशा सीरममध्ये एकाच प्रथिनाच्या वेगवेगळ्या भागांना धरणाऱ्या अनेक अँटीबॉडीज असतात म्हणून तिला पॉलिक्लोनल म्हणतात. दणकट असते, नमुना थोडा बिघडलेला असला तरी धरते, पण जनावर बदललं की माल बदलतो. आणि 'शुद्ध' हिमोग्लोबिन म्हणजे काय यावर बरंच अवलंबून असतं, कारण त्यात थोडा ए-टू असतोच, आणि तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनच्या खालोखाल भरपूर असलेलं कार्बोनिक अॅनहायड्रेजही मागे राहू शकतं. ब्लॉटवर (प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायची पद्धत, पुढे येतेच) १६ किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) बँडसोबत २९ च्या आसपास एक आगाऊ बँड दिसला तर 'हे दोन साखळ्या चिकटलेल्या असतील' असं म्हणून सोडून देण्याआधी या शक्यतेचा विचार करावा.

१९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्जेस कोहलर आणि सीझर मिलस्टीन यांनी हायब्रिडोमाची पद्धत दाखवली, अँटीबॉडी बनवणारी पेशी कॅन्सरच्या पेशीशी जोडायची म्हणजे ती न मरता एकच अँटीबॉडी बनवत राहते. त्यासाठी १९८४ चं नोबेल त्यांना नील्स येर्ने यांच्याबरोबर मिळालं. मोनोक्लोनल (म्हणजे अशी एकच एक अँटीबॉडी) आल्यावर एका अमिनो आम्लाचा फरक ओळखणं, म्हणजे सिकलसेलचं हिमोग्लोबिन एस वेगळं आणि साधं ए वेगळं, हे किटमध्ये बसवण्याइतकं भरवशाचं झालं. आता रिकॉम्बिनंटही (अँटीबॉडीचं जीन पेशीत घालून बनवलेल्या) मिळतात, त्यात अँटीबॉडीचा क्रम लिहिलेला असतो त्यामुळे दहा वर्षांनीही तीच वस्तू हातात येते. नवीन काम सुरू करणाऱ्याने परवडत असेल तर सरळ रिकॉम्बिनंट घ्यावी असं माझं मत.

ब्लॉट आणि त्याचे ताप

वेस्टर्न ब्लॉटमध्ये नमुना एसडीएस हे डिटर्जंट घालून उकळतात, तेव्हा चार साखळ्यांचा ६४ किलोडाल्टनचा रेणू सुटा होतो आणि जेलवर १६ च्या आसपास बँड येतो. प्रथिन छोटं, म्हणून १५ टक्क्यांचं जेल आणि ०.२ मायक्रॉनची मेम्ब्रेन घेतलेली बरी, नेहमीच्या ०.४५ मधून ते आरपार जाऊ शकतं. ट्रान्सफरही (जेलमधून मेम्ब्रेनवर नेणं) फार वेळ चालवायचा नाही.

पण खरा ताप लोडिंगचा. मी पहिल्यांदा केला तेव्हा बाकीच्या प्रथिनांच्या सवयीने लेनला २० मायक्रोग्रॅम तांबड्या पेशींचा लायसेट (फोडलेल्या पेशींचा रस) टाकला, फिल्मवर आधी सगळं काळंकुट्ट आणि मिनिटाभरात बँडच्या मधोमध पांढरे भोपळे, म्हणजे सिग्नल देणारं एन्झाइम इतकं जमलं की तिथला सबस्ट्रेट (ज्यावर ते काम करतं ते रसायन) संपूनच गेला. सरांनी बघितलं आणि एवढंच विचारलं की हिशोब केला होतास का. हिशोब साधा आहे. हिमोग्लोबिन (दर १०० मिलिलिटरला) १५ ग्रॅम असलेल्या माणसाच्या १ मायक्रोलिटर रक्तात १५० मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन असतं, ते एवढंसं रक्त १० मिलिलिटर बफरमध्ये टाकलं तरी दर मायक्रोलिटरला १५ नॅनोग्रॅम उरतं, आणि चांगल्या अँटीबॉडीला ते पुरून उरतं.

दुसरा ताप हीमचा. हीम स्वतःच पेरॉक्सिडेजसारखं वागतं. ब्लॉटमध्ये सिग्नल द्यायला आपण जे एन्झाइम दुसऱ्या अँटीबॉडीला जोडतो ते हॉर्सरॅडिशचं पेरॉक्सिडेज (हॉर्सरॅडिश म्हणजे आपल्या मुळ्याच्या कुळातलंच एक झणझणीत मूळ), आणि हीम तेच काम फुकटात करून देतं, त्यामुळे अँटीबॉडी चिकटलेली नसतानाही सिग्नल येऊ शकतो. उकळून, रिड्यूसिंग एजंट घालून हीम बरंच सुटतं पण सगळं जाईलच असं नाही. म्हणून एक मेम्ब्रेन कुठलीच अँटीबॉडी न घालता सरळ सबस्ट्रेटमध्ये बुडवून बघायची, पाच मिनिटांचं काम आहे, लोक करत नाहीत.

टिश्यूच्या स्लाइडवर हे जास्तच जाणवतं. डॅब या तपकिरी रंग देणाऱ्या रसायनाने रंगवताना आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने ब्लॉक केलं नाही तर रक्तवाहिन्यांतल्या सगळ्या तांबड्या पेशी आपोआप तपकिरी होतात आणि बघणाऱ्याला वाटतं वा, काय सुंदर स्टेनिंग आलंय. फ्लुओरेसन्सवर गेलं तरी सुटका नाही, तिथे तांबड्या पेशी स्वतःच चमकतात.

कंट्रोलसाठी के-५६२ ही पेशींची जात फार उपयोगी. ती गॅमा, एप्सिलॉन, झीटा बनवते, हेमिन (हीमचंच एक रूप) घातलं की आणखी जोरात, पण बीटा जवळपास नाहीच. म्हणजे बीटाची अँटीबॉडी के-५६२ मध्ये दणदणीत बँड देत असेल तर ती नक्की कुणाला धरतेय हे विचारायची वेळ आली.

एफ-सेल मोजणं

एफ-सेल म्हणजे जिच्यात एफ आहे ती तांबडी पेशी. आजच्या संशोधनात गॅमाच्या अँटीबॉडीला सगळ्यात जास्त काम इथे आहे. सिकलसेल किंवा बीटा थॅलेसेमियाच्या (बीटा साखळी कमी बनण्याचा आजार) पेशंटमध्ये बाळपणीचं हिमोग्लोबिन एफ परत चालू करता आलं तर त्रास कमी होतो, हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा फायदा बराचसा यातूनच येतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने मान्यता दिलेली कॅसजेव्ही ही क्रिस्परवरची (जीन कापून बदलायचं तंत्र) पहिली उपचारपद्धतीही बीसीएल-११-ए या जीनचा ब्रेक तांबड्या पेशींच्या वंशात काढून टाकून एफ वाढवते. पण रक्तात एकूण १० टक्के एफ आहे एवढं कळून पुरत नाही, ते सगळ्या पेशींत थोडं थोडं आहे की थोड्याच पेशींत ठासून भरलंय हे बघावं लागतं, कारण ज्या पेशीत एफ नाही ती वाकडी होणारच. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजायची पद्धत) सरासरी सांगते, पेशीगणिक सांगते ती फ्लो सायटोमेट्री, त्यात एकेक पेशी लेसरसमोरून जाते.

त्यासाठी पेशी आधी ग्लुटारअल्डिहाइडने पक्क्या करायच्या, मग ट्रायटन या डिटर्जंटने भोकं पाडायची म्हणजे अँटीबॉडी आत जाईल. सगळी कला या दोन पायऱ्यांत, फिक्सिंग कमी पडलं तर हिमोग्लोबिन बाहेर गळून ट्यूब गुलाबी होते, जास्त झालं तर अँटीबॉडीला शिरायला जागाच नाही आणि वरून पेशी चमकायला लागतात ते वेगळंच. हीच पद्धत बाळाचं रक्त आईच्या रक्तात किती मिसळलं हे बघायलाही वापरतात, त्याआधी त्यासाठी १९५७ ची क्लायहाउअर चाचणी होती आणि बऱ्याच ठिकाणी अजूनही आहे.

लॅबच्या बाहेर

रक्ताचा डाग माणसाचा की जनावराचा हे अँटीबॉडीने ओळखायची सुरुवात १९०१ ची, जर्मनीत पाउल उलेनहुथ यांनी सशाच्या सीरमवरून. त्याच वर्षी ऱ्यूगेन बेटावर दोन मुलांचा खून झाला, संशयित सुतार म्हणत होता की कपड्यांवरचे डाग लाकडाच्या रंगाचे आहेत, तपासणीत माणसाचं आणि मेंढीचं रक्त निघालं. ती चाचणी मुख्यतः सीरममधल्या प्रथिनांवर होती, हिमोग्लोबिनवर नाही. आज फोरेन्सिकवाले वापरतात ती कार्डं मात्र मानवी हिमोग्लोबिनच्या अँटीबॉडीवर चालतात. चिंपांझीचं हिमोग्लोबिन आपल्याशी तंतोतंत जुळतं त्यामुळे कार्डाला तो फरक कळत नाही, आणि फेरेट नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यालाही काही कार्डं माणूस समजतात.

या कार्डांची एक खोड आहे, तिला हुक इफेक्ट म्हणतात. रक्त फारच जास्त असलं तर रेघ येतच नाही, कारण रंगवाली अँटीबॉडी आणि पट्टीवर बसलेली अँटीबॉडी दोघींची तोंडं सुट्या हिमोग्लोबिनने भरून जातात, मधला पूल बनतच नाही. तोच नमुना शंभरपट पातळ केला की रेघ हजर.

शौचातलं लपलेलं रक्त शोधणारी फिट चाचणीही याच जातीची. जुन्या ग्वायॅक चाचणीत हीमचं पेरॉक्सिडेज काम बघायचे त्यामुळे मटण खाऊ नका, मुळा खाऊ नका अशी पथ्यं असायची, अँटीबॉडीला मटणातलं हिमोग्लोबिन दिसतच नाही म्हणून पथ्य गेलं. एचबीए-वन-सीच्या (मधुमेहात गेल्या काही महिन्यांची साखर सांगणारी चाचणी) काही किटमध्येही अँटीबॉडी असते, ती बीटाच्या टोकाला चिकटलेली साखर आणि शेजारची थोडी अमिनो आम्लं एकत्र ओळखते. गॅमाचं टोक ग्लायसीनने सुरू होतं, ते तिच्या ओळखीचं नाही, म्हणून ज्याचं एफ खूप वाढलेलं आहे त्याचा आकडा अशा किटवर खोटा कमी येऊ शकतो.

आपल्याकडे याचा रोजचा संबंध सिकलसेलमुळे, विदर्भात आणि नंदुरबारकडे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं, तेवढ्यांना एचपीएलसीपर्यंत आणणं अवघडच, म्हणून बोटातल्या थेंबावर चालणाऱ्या पट्ट्या आल्या. जुनी सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही, पट्टी करते. त्यातल्या हेमोटाइप एससीची रचना उलटी आहे, त्यात ए, एस आणि सी (हाही हिमोग्लोबिनचा एक बदललेला प्रकार) अशा जागा असतात आणि जे हिमोग्लोबिन रक्तात आहे त्याची रेघ उमटत नाही. रेघ नाही म्हणजे आहे, आणि रेघ आहे म्हणजे नाही, प्रेग्नन्सीच्या पट्टीची सवय असलेल्या माणसाला हे पचायला दोन-तीन दिवस जातात. परळला केईएमच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तशास्त्र संस्थेचं काम वर्षानुवर्षं याच आजारांवर आहे.

रक्तपेशींबाहेरचं हिमोग्लोबिन

मेंदूतल्या डोपामीनवाल्या पेशी, फुप्फुसातल्या पेशी, रक्तवाहिन्यांचं अस्तर अशा ठिकाणी ग्लोबिन सापडल्याचे पेपर गेल्या वीसेक वर्षांत आलेत, अस्तरातलं अल्फा ग्लोबिन नायट्रिक ऑक्साइडवर ताबा ठेवतं असंही दाखवलंय. विषय भारी आहे पण अँटीबॉडीची खरी परीक्षा इथेच, कारण कुठलाही टिश्यू कापला की त्यात रक्त असतंच आणि वरचा १५० मायक्रोग्रॅमचा हिशोब आठवा, एक केशवाहिनी राहिली तरी ब्लॉटवर सुंदर बँड येणार. म्हणून उंदीर असेल तर आधी सलाइनने धुऊन रक्त काढतात, मग त्याच ब्लॉटवर तांबड्या पेशीचंच म्हणून ओळखलं जाणारं दुसरं प्रथिन, बँड-थ्री वगैरे, आहे का ते बघतात, आरएनए वेगळा तपासतात आणि जमलं तर ते जीन बंद करून बँड जातो का हे पाहतात. आणि ज्या उंदरात माणसाची ग्लोबिन जीन्स बसवलेली असतात (सिकलसेलचा टाउन्स उंदीर असाच), तिथे अँटीबॉडीही उंदराचीच असेल तर दुसरी अँटीबॉडी टिश्यूतल्या उंदराच्या स्वतःच्या आयजीजीलाही (रक्तातली मुख्य अँटीबॉडी) चिकटते, म्हणून तिथे सशाची घ्यायची.